'साफ' शब्दाचा घोळ

आमची कंपनी नेमकं काय करते, हे लातुरात समजावून सांगायला मला सुरुवातीला अर्धा तास लागायचा. आता दोन मिनिटं लागतात. चायना ग्रासची वडी असते ना, तशी एक पारदर्शक वडी करायची. तिला जेल म्हणतात. तिच्या वरच्या कडेला छोटे खड्डे ठेवायचे, खड्ड्यात माणसाच्या रक्तातून काढलेला डीएनए भरायचा आणि वीज सोडायची. डीएनए खड्ड्यातून निघून आपापल्या रांगेनं पुढं सरकतो. त्या रांगेला लेन म्हणतात. निळ्या उजेडात बघितलं की तो चमकतो. डीएनए धड असेल तर लेनमध्ये एक ठसठशीत पट्टा दिसतो, तुटलेला असेल तर पट्टा न दिसता लांब फराटा दिसतो. पट्टा दिसला तर नमुना हैदराबादला मोठ्या मशीनवर वाचायला पाठवायचा. त्या वाचण्याला सिक्वेन्सिंग म्हणतात. फराटा दिसला तर पाठवायचा नाही. हे ठरवायचं काम आजवर माणूस करत आला, आणि माणूस सोमवारी एक ठरवतो, शनिवारी दुसरं. म्हणून आम्ही एक पेटी बनवली. आत उजेड आणि कॅमेरा, मागं सॉफ्टवेअर. ते प्रत्येक लेन बघून सांगतं, पाठवा किंवा पाठवू नका.

एवढं सांगून झालं की माझे एक काका हमखास विचारायचे, "म्हणजे एक्स-रेचं दुकान का?" मी हो म्हणून टाकायची.

हैदराबादेत एका लॅबमध्ये काही वर्षं नोकरी करून मी परत आले, तेव्हा घरच्यांना वाटलं, तिकडं काहीतरी बिनसलं असणार. काही बिनसलं नव्हतं. आपल्याच जिल्ह्यांमधून आलेले नमुने 'खराब' असा शेरा मारून परत जाताना मी रोज बघत होते आणि ते मला सहन होईना. हे काम आपल्याला जमणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. लातूरच्या शाळेत वाढलेल्या माणसाला आपला पहिला नंबर येणार याची खात्रीच असते. नाही आला तर तो पेपर तपासणाऱ्यावर शंका घेतो.

भागीदार नांदेडचा. त्याच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, त्यामुळे उजेड कुठून टाकायचा आणि कुठं अडवायचा हे त्याला शाळेत जायच्या आधीपासून कळतं. पेटी त्यानं नांदेडात बनवायची, डीएनएचं आणि सॉफ्टवेअरचं मी लातुरात बघायचं, अशी वाटणी. आठवड्यातून एकदा मी अहमदपूर, लोहा करत नांदेडला जायची, नाहीतर तो यायचा. आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "पाणी आलंय का तुमच्याकडं, का पाण्याच्या रेल्वेची वाट बघून राहिलेत?" आपल्या गावाला गोदावरी आहे याचा त्याला असा माज, जणू ती यानंच खणली. भांडायला असा माणूस जवळ असला की मला काम सुचतं.

सॉफ्टवेअरला शिकवावं लागतं. हजारो लेनची चित्रं समोर ठेवायची आणि प्रत्येकीवर माणसानं खूण करायची, ही चांगली, ही तुटकी. त्या खुणा बघून ते शिकतं. या कामाला आधी कॉलेजची मुलं ठेवली. दोन दिवस उत्साह होता, तिसऱ्या दिवशी प्रत्येकाचा एक डोळा मोबाइलवर. मी चिडून सगळ्यांना घरी पाठवलं.

मग अक्का भेटल्या. निलंग्याच्याही पुढच्या, कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावातल्या, म्हणून त्यांना सगळे अक्का म्हणायचे. वय पन्नाशीचं. आधी उदगीरला, मग लातूरला डाळ मिलमध्ये त्यांनी निम्मं आयुष्य डाळ निवडली. मिलमध्ये रंग ओळखून खडे उडवणारं मशीन आलं आणि निवडणाऱ्या बायांचं काम गेलं. आमचं ऑफिस एका क्लासच्या वरच्या मजल्यावर होतं, तिथं त्या झाडायला यायच्या. एकदा झाडता झाडता माझ्या स्क्रीनपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, ह्ये दुसरं अन् तिकडचं पाचवं एकच हाय की." खरंच, एकच नमुना चुकून दोन लेनमध्ये भरला गेला होता. मला ते दिसलं नव्हतं. मी त्यांच्या हातातला झाडू काढून घेतला आणि त्यांना खुर्ची दिली. पुढच्या आठवड्यात त्यांनी मिलमधल्या आणखी तिघीजणी आणल्या.

स्क्रीनवर इंग्रजी बटणं होती. ती मी मराठी केली आणि यावर स्वतःवरच खूश झाले. तीन बटणं: साफ, तुटका, बाद. अक्कांना आणि तिघींना सांगितलं, "फराटा दिसला की तुटका. जेल फाटली, बुडबुडा आला तर बाद. कुठंच घाण नसली की साफ." अक्कांनी मान हलवली. घाण आणि साफ या दोन गोष्टी त्यांना शिकवायची गरज नव्हतीच.

चौघींनी तीन-चार महिने ते काम असं केलं की बघत राहावं. ना गडबड, ना गप्पा. गप्पा चहाला, आणि चहाला एवढ्या की खालच्या क्लासचे सर वर येऊन हात जोडायचे. सॉफ्टवेअर शिकलं. मग त्याची परीक्षा घेतली, त्यात ते अव्वल आलं. परीक्षेची चित्रंही याच चौघींनी खुणावलेली होती, ही गोष्ट तेव्हा आम्हा दोघांनाही खटकली नाही. आम्ही पेढे वाटले.

नांदेडात एक लॅब आहे, तिथं लेकरांच्या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचे नमुने येतात. तिथल्या मुख्य डॉक्टरबाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पेटी बघायची तयारी दाखवली. काही दिवस त्यांचे जुने टेक्निशियन स्वतःच्या डोळ्यांनी बघतील, पेटी तिच्या डोळ्यांनी बघेल, दोघांचं जुळलं तर पेटी ठेवून घेऊ, असं ठरलं. आम्हाला ही पहिलीच लॅब मिळत होती. ती हातची गेली असती तर दुसरीनं आम्हाला दारात उभं केलं नसतं. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "एक सांगते. नमुन्यात काही नसताना तो हैदराबादला गेला, तर ते मला महिन्यानं कळतं. मग लेकराला परत बोलवायचं, परत रक्त काढायचं. आईबाप काम बुडवून येतात, लेकरू सुई बघून दारातच रडायला लागतं. ते मला चालणार नाही." मी म्हटलं, "मॅडम, ते होणारच नाही." फॉर्मवर माहिती भरताना 'चित्रे कोणी तपासली' या रकान्यात मी 'प्रशिक्षित तज्ज्ञ' असं लिहिलं. डाळ निवडणाऱ्या बाया असं लिहायचं माझ्या जिवावर आलं होतं.

तिसऱ्या दिवशी फजिती झाली. जेलमधली एक लेन पूर्ण रिकामी होती. पट्टा नाही, फराटा नाही, काहीच नाही. आमच्या पेटीनं तिच्यावर ठसक्यात हिरवी खूण केली, 'साफ, पाठवा'. टेक्निशियननी चष्मा पुसला, परत बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, आम्हाला तर लेन खाली दिसून राहिली. तुमच्या मशीनला काय दिसलं?" आमच्याकडं खाली म्हणजे रिकामं. सगळी लॅब हसली. मागची चित्रं काढून बघितली, तर प्रत्येक रिकाम्या लेनला पेटीनं पास केलेलं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "आठ दिवस देते," एवढंच म्हणाल्या.

भागीदार मला बसस्टँडवर सोडायला आला. वाटेत चार वेळा म्हणाला, "उजेडात काही चूक नाही." पाचव्या वेळी मी त्याला गप्प बसायला सांगितलं. लातूरला पोचेपर्यंत माझा राग चांगला शिजला होता. ऑफिसात शिरले, ती चित्रं काढली आणि तिघींच्या देखत अक्कांना विचारलं, "ही रिकामी लेन. ही साफ कशी?"

अक्कांनी चित्र बघितलं. "घाण कुठं हाय ह्याच्यात?"

"अहो, पण काहीच नाहीये त्याच्यात!"

"तेच की," अक्का शांतपणे म्हणाल्या. "लेकरानं ताट साफ केलं म्हनल्यावर ताटात काय राह्यतंय, ताई?"

खरं तर तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. शब्द माझा, समजावलं मी, रिकाम्या लेनचं काय करायचं हे सांगायला विसरले तेही मीच. पण नांदेडचं हसणं कानात होतं. मी म्हणाले, "हे डाळ निवडण्याइतकं सोपं काम नाहीये, अक्का." अक्कांनी पिशवी उचलली, चप्पल घातली आणि त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत.

तिघी आल्या, पण माझ्याकडं न बघता काम करत होत्या. मी एक नवीन बटण टाकलं आणि सगळी चित्रं परत तपासायला स्वतः बसले. माझ्याकडं पदवी होती, अनुभव होता. दुपारपर्यंत डोळ्यांपुढं नुसते पट्टे नाचायला लागले. सकाळच्या खुणा उघडून बघितल्या, तर एकाच चित्रावर मी दोन वेळा दोन वेगळ्या खुणा केल्या होत्या. भागीदाराचा फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "पेटी मी आठ दिवसांत दुसरी करून देतो. अक्का कुठून आणशील?" या माणसाचं बरोबर असतं तेव्हा मला त्याचा जास्त राग येतो.

संध्याकाळी मी अक्कांच्या घरी गेले. मिलच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. त्या दारात शेंगा सोलत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, चहा टाकला, घरच्यांची चौकशी केली. मी कप हातात घेऊन म्हणाले, "अक्का, माझं चुकलं."

"चुकलं म्हंजी काय चुकलं?"

"शब्द माझा होता. तुम्ही बरोबर केलं होतं."

"त्ये मला म्हाईत हाय." त्यांनी एक शेंग सोलली. "पर तुमी बोललाव तिघींम्होरं, अन् माफी मागायलाव इथं एकटीला. ह्ये कसलं?"

मी चहा संपवला आणि उद्या या म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चौघी समोर बसल्या. मी उभी राहिले. आजवर मी शेकडो लोकांपुढं इंग्रजीत भाषणं दिली आहेत, पण त्या सकाळचं बोलणं मी कागदावर लिहून आणलं होतं. म्हणाले, "चूक माझी होती. साफ हा शब्द मी नीट सांगितला नाही. डाळ निवडण्याबद्दल जे बोलले ते तर बोलायलाच नको होतं. ते काम मला एक दिवससुद्धा जमलं नाही." बोलताना मला रडू आलं, याची लाज वाटली आणि मग वाटेनाशी झाली. अक्का म्हणाल्या, "बरं. आता बटनाची नावं आमी ठिवतो."

त्यावर तासभर चर्चा झाली. एकजण म्हणाली, रिकाम्या लेनच्या बटणाला 'खाली' म्हणा. दुसरी म्हणाली, पट्टा खाली सरकला तरी आपण खालीच म्हणतो, परत घोळ होईल. शेवटी चार नावं ठरली. धड पट्टा म्हणजे 'अख्खा'. फराटा म्हणजे 'चुणी'. डाळ भरडताना जो भुगा निघतो आणि जनावरांना घालतात, ती चुणी. तुटलेल्या डीएनएला यापेक्षा नेमका शब्द मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही. मग 'रिकामं' आणि 'बाद'. पाच दिवसांत चौघींनी 'साफ' खुणेची तेवढी चित्रं परत चाळली आणि त्यातली रिकामी वेगळी काढली. सॉफ्टवेअर परत शिकलं. यावेळी परीक्षेची चित्रं मी वेगळ्या माणसाकडून तपासून घेतली.

आठव्या दिवशी मी अक्कांना नांदेडला सोबत नेलं. डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरल्या शिरल्या सांगून टाकलं, "फॉर्मवर मी प्रशिक्षित तज्ज्ञ लिहिलं होतं. त्या या. आधी डाळ मिलमध्ये होत्या." डॉक्टरबाईंनी अक्कांकडं बघितलं आणि विचारलं, "तुम्ही काय करता?"

"बघते," अक्का म्हणाल्या.

डॉक्टरबाई त्यांना आत घेऊन गेल्या. सकाळीच लावलेली जेल पेटीत ठेवली होती. एकेक लेन होत गेली. टेक्निशियन सांगायचे, पेटी सांगायची, जुळायचं. अख्खा, अख्खा, चुणी, अख्खा. शेवटची लेन मोकळी होती. टेक्निशियन म्हणाले, "खाली. सकाळीच दिसलं मला. कंधारच्या लेकराचं आहे. त्याच्या बापाला फोन करून सांगितलंय, परत रक्त द्यायला आजच घेऊन या." पेटीनं खूण केली, 'रिकामं'. भागीदारानं माझ्याकडं बघून भुवई उडवली. डॉक्टरबाईंनी कागदावर शेवटची बरोबरची खूण केली आणि पेन बंद केलं. आम्ही जिंकलो होतो.

अक्का मात्र स्क्रीनकडं बघतच नव्हत्या. आजवर त्यांनी फक्त चित्रं बघितली होती, खरी जेल त्या पहिल्यांदाच बघत होत्या. पेटीच्या नारिंगी काचेवर नाक टेकवून म्हणाल्या, "ह्ये रिकामं न्हाई."

मला त्या क्षणी वाटलं, अक्का, आत्ता नको. हे वाटलं ते मी लपवत नाही. दोन मिनिटं गप्प बसल्या असत्या तर सही होणार होती.

टेक्निशियन सौम्यपणे म्हणाले, "मावशी, लेनमध्ये काहीच नाहीये."

"रांगेत न्हाई. वरी, खड्ड्यात. बाकीच्या खड्ड्यांपरीस ह्यो लई चमकायलाय. आतच बसलंय त्ये, निघालंच न्हाई."

भागीदाराचा चेहरा उतरला. खड्ड्यांपाशी नेहमीच थोडी चमक असते आणि तिच्यामुळं सॉफ्टवेअर गोंधळतं, म्हणून आम्हीच चित्राची वरची कड कापून टाकायचं ठरवलं होतं. पेटीला ते दिसणं शक्यच नव्हतं. टेक्निशियननाही सवयीनं दिसलं नव्हतं. डॉक्टरबाई माझ्याकडं बघत होत्या. "पेटी रिकामं म्हणते. आमचेही रिकामं म्हणतात. तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणाले, "अक्का म्हणतात ते खरं धरा. नमुना पातळ करून परत लावा. चुकलं तर पेटी आम्ही उचलून नेतो."

टेक्निशियन भला माणूस. नाराज न होता कामाला लागले. नमुना खरंच घट्ट, चिकट होता. पातळ करून, थोडा कोमट करून नव्या जेलमध्ये भरला. पट्टा दिसायला तासभर लागणार होता. भागीदार खिडकीपाशी उभा राहिला. अक्का बाकावर बसून डब्यातली भाकरी खात होत्या, त्यांना कसलीच चिंता नव्हती. जेल निळ्या उजेडात ठेवली, तेव्हा लेनच्या वरच्या भागात एकच पट्टा होता, जाड, अख्खा.

ती पेटी आजही तिथं आहे. आता चित्राची वरची कड आम्ही कापत नाही आणि बटणं चाराची पाच झाली आहेत. पाचव्याचं नाव 'अडकलंय'. लातुरात अक्कांच्या हाताखाली आता मिलमधल्या आणखी बाया बसतात, आणि नवीन चित्रांवर शेवटचा शब्द त्यांचा असतो. पण त्या दुपारी यातलं काहीच बोलणं झालं नाही. डॉक्टरबाईंनी पट्टा बघितला आणि आधी टेबलावरचा फोन उचलला. कंधारचा नंबर लावला, फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडं बसचा खडखडाट होता आणि लेकरू किरकिरत होतं.

"कुठपर्यंत आलात?"

"लोह्याच्या अलीकडं हाव मॅडम. गाडी उशिरा निघाली. येऊन राहिलो."

"येऊ नका. रक्त लागत नाही. पहिलंच चांगलं निघालंय."

खडखडाटातून त्या माणसानं विचारलं, "म्हंजी सुई न्हाई टोचायची?"

"नाही."

त्यानं फोन बंद केलाच नाही. तो आधी बायकोला सांगत होता, मग लेकराला, आणि मग मोठ्यानं कंडक्टरला, "थांबवा हो, उतरू द्या आमाला. घरी जायचंय."